जांभळ्यातून सोनेरीकडे जायचं तर लाल लागतोच

आमच्याकडे नाताळचं झाड म्हणजे लाल, हिरवं आणि सोनेरी. यात काही बदलायचा प्रश्नच कधी आला नाही. सासूबाई लग्न होऊन वसईच्या या घरात आल्या तेव्हापासून हेच चालत आलंय आणि मीही आल्यापासून सोळा वर्षं तेच करत आले, लाल बॉल, सोनेरी माळ, टोकाला चांदणी, की झालं. पण २०२४ च्या नाताळात मी रंग बदलले. म्हणजे नुसता एक रंग काढून दुसरा घातला असं नाही, तर खालपासून वरपर्यंत एकातून दुसरा उमलत जाईल असे रंग मिसळत नेले. त्यात जवळजवळ तीन आठवडे गेले, चुका झाल्या, थोडे पैसेही वाया गेले, पण जे कळलं ते इतकं पक्कं बसलंय की लिहून ठेवावंसं वाटलं. कुणी असं झाड करायच्या विचारात असेल तर त्याला माझा अनुभव कामाला यावा एवढीच इच्छा.

कल्पना चर्चमध्ये सुचली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासूनचे दिवस म्हणजे आगमनकाळ, वाट बघण्याचे दिवस. वेदीजवळ हिरव्या पानांचं एक चक्र ठेवतात, त्यात तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एकेक पेटवत जायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते, तो आनंदाचा रविवार, त्या दिवशी फादरांची वस्त्रंसुद्धा गुलाबी असतात. आणि मग नाताळच्या रात्री सगळं एकदम पांढरं आणि सोनेरी. दरवर्षी मी हे बघते, पण त्या वर्षी पहिल्या रविवारी, १ डिसेंबरला, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना मनात आलं की हे चार आठवडे आपल्या झाडात का दिसू नयेत? खाली गडद जांभळा, मध्ये गुलाबी, वर सोनेरी. पायथ्याशी वाट बघणं आणि शेंड्याला जन्म. घरी येईपर्यंत दुसरं काही सुचेना मला.

आता झाडाबद्दल. आमचं झाड सहा फुटांचं, प्लास्टिकचं, तीन भाग एकात एक बसवायचे तसलं. माझ्या लहानपणी माहेरी असलं झाड नव्हतंच, किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत तिथून एखादी पडलेली फांदी आणायची, वाळू भरलेल्या बादलीत रोवायची, कापूस पिंजून बर्फ म्हणून टाकायचा आणि चॉकलेटच्या चकचकीत कागदाचे तुकडे दोऱ्याने बांधायचे. सुरूची पानं म्हणजे बारीक काड्याच, चार दिवसांत खाली सडा पडायचा. खरा मान गोठ्याला, गवत, मातीची मेंढरं, येशूबाळ, सगळे त्यातच गुंतलेले. झाड ही आमच्याकडे मागून आलेली गोष्ट, आणि तशी ती रोमलाही मागूनच गेली, व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात झाड उभं राहायला लागलं ते पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९८२ पासून. म्हणून मला वाटलं, झाडाच्या बाबतीत नवं काही करून बघायला हरकत नाही, गोठा आहे तसाच राहील.

आईंना सांगितलं. (सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो.) त्या भाजी निवडत होत्या, हात थांबले.

"लाल नाही? मग नाताळ कसला गं तो?"

मी समजावलं, आई, आगमनकाळाचे रंग आहेत, चर्चमधले. त्या म्हणाल्या, ते चर्चमध्ये ठीक, घरात लाल पाहिजे. आणि मग एवढंच म्हणाल्या, "ते चार बॉल तरी लाव बाई." ते चार बॉल म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. सासरे बोटीवर होते, त्यांनी एका सफरीत हॅम्बुर्ग बंदरातून काचेचे सहा लाल बॉल आणले होते, शर्टाच्या घड्यांमध्ये गुंडाळून. दोन फुटले, चार राहिलेत. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं की जांभळ्या-गुलाबी-सोनेरीत हे चार लाल बसवायचे कुठे, मागच्या बाजूला लावू, भिंतीकडे. हे मी प्रामाणिकपणे लिहितेय, कारण पुढे काय झालं ते कळायला हे माहीत पाहिजे.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केट. मधल्या वारी गेले, सकाळची गर्दी ओसरल्यावरची चर्चगेट लोकल पकडून मरीन लाइन्स, तिथून चालत. नाताळच्या आधी तिथे जे असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, डोळ्यांपुढे नुसते ढीग. पाच रंग घेतले, गडद जांभळा, फिकट जांभळा, गुलाबी, मोतिया आणि सोनेरी, सहाचं एक पाकीट अशी प्रत्येक रंगाची तीन पाकिटं, म्हणजे अठरा पंचे नव्वद बॉल. सगळे साधारण सहा सेंटीमीटरचे. पाचही रंग सारखे घेतले की झाड सारखं दिसेल असं मला सरळ वाटलं होतं आणि तिथेच पहिली चूक होती. येताना लोहार चाळीतून शंभर बल्बच्या सहा माळा घेतल्या, सगळ्या पिवळसर प्रकाशाच्या, वॉर्म व्हाइट म्हणतात त्या. ती दुसरी चूक.

८ तारखेला, दुसऱ्या रविवारी, झाड उभं केलं. फांद्या मोकळ्या करायलाच दीड तास गेला. हे काम लोक उरकतात पण ते उरकू नका, प्रत्येक काडी वेगळी करायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक समोर, आणि हे खोडापासून बाहेर येत येत करायचं, नाहीतर मधून खोडाचा लोखंडी दांडा दिसत राहतो आणि मग कितीही बॉल लावा झाड फाटकंच वाटतं. मग माळा. बॉलच्या आधी माळा, नेहमी. आणि माळ नुसती बाहेरून गुंडाळायची नाही, आधी खोडाभोवती दोन वेढे, मग फांदीच्या टोकापर्यंत न्यायची, परत आत आणायची, म्हणजे झाड आतून उजळतं. आतून उजेड असेल तरच गडद रंग दिसतो.

मग बॉल लावायला बसलो, मी आणि मुलगी. ती तेव्हा दहावीला होती, अभ्यासातून उठून आलेली. खालून सुरुवात केली, गडद जांभळा, त्यावर फिकट जांभळा, आणि झाड अर्धंही झालं नव्हतं तोवर जांभळे दोन्ही संपले. उलट सोनेरी आणि मोतियाची पाकिटं तशीच पडलेली, आणि वर शेंड्याला जागा किती तर वीतभर. मी नुसती बघत बसले. मुलगी म्हणाली, "मम्मी, हा शंकू आहे ना, खाली जास्तच लागणार." आणि वहीच्या मागच्या पानावर तिने गणित मांडलं, महत्त्वमापनाचा धडा त्यांचा झालाच होता. झाडाच्या उंचीचे तीन सारखे भाग केले तर बाहेरच्या बाजूचं क्षेत्रफळ सारखं येत नाही, सगळ्यात खालच्या भागाला पाच वाटे, मधल्याला तीन आणि वरच्याला एक. पाच, तीन, एक. नव्वद बॉल असतील तर खाली पन्नास, मध्ये तीस आणि वर फक्त दहा. मी घेतले होते जांभळे छत्तीस आणि सोनेरी-मोतियाही छत्तीसच. हे खरेदीच्या आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं. तुम्ही कुठलीही रंगसंगती घ्या, लाल-पांढरी घ्या, निळी-चंदेरी घ्या, पण खालचा रंग वरच्याच्या पाचपट लागणार हे धरूनच चला.

त्या रात्री जेवढं झालं होतं तेवढ्यावर दिवे लावून बघितले. खोलीतली ट्यूब बंद केली आणि जांभळे गायब. खरंच गायब, खालच्या भागात बॉल लावलेतच नाहीत असं दिसत होतं, गर्द हिरव्यात काळे ठिपके नुसते. दिवसा इतके सुंदर दिसणारे. पिवळसर प्रकाशात निळा भाग कमी असतो आणि जांभळा रंग दिसायला तो निळाच लागतो, म्हणून तो मरतो, त्यातून झाड गडद हिरवं. गुलाबी मात्र छान दिसत होता, सोनेरी तर काय पेटल्यासारखा. म्हणजे दोष बॉलचा नव्हता, दिव्यांचा होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त खुपली. रंग मिसळलेच नव्हते. एक पट्टा जांभळा, त्यावर दुसरा पट्टा, त्यावर गुलाबी, झेंड्यासारखे आडवे थर. मला जे हवं होतं ते हे नव्हतंच. मला काय हवं होतं ते सांगते, जांभळाचा घोस आठवा. आमच्या पालघर जिल्ह्यात बहाडोलीची जांभळं प्रसिद्ध आहेत, पिकायला लागतात तेव्हा एकाच घोसात एक हिरवं, एक गुलाबीसर, एक अर्धं लाल-जांभळं आणि एक काळंभोर अशी शेजारी शेजारी असतात. तिथे पट्टे नसतात. लांबून बघितलं तर सगळा घोस एकच रंग बदलत चाललाय असं वाटतं. ते हवं होतं मला.

दुसऱ्या दिवशी सगळे बॉल उतरवले. आई काही बोलल्या नाहीत, चहा आणून ठेवला फक्त.

आता मधल्या छटा आणायच्या कुठून? बाजारात मिळतात ते ठरावीक रंग, दोन रंगांमधली जी पायरी आपल्याला पाहिजे असते ती मिळत नाही, ऑनलाइन एका ठिकाणी मागवून बघितलं तर फोटोतला अंजिरी प्रत्यक्षात विटकरी निघाला. तेव्हा मुलीनेच सुचवलं की पारदर्शक प्लास्टिकचे बॉल मिळतात, टोपी निघते त्यांची, आत रंग ओतायचा. इथे वसईतच स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळाले, चोवीस घेतले, आणि ॲक्रिलिक रंगाच्या चार बाटल्या, जांभळा, लाल, पिवळा, पांढरा. थोडी सोनेरी घरात होतीच.

आणि मी काय केलं तर सरळ जांभळा आणि सोनेरी-पिवळा वाटीत घेतला, म्हटलं इथून तिथे जायचंय ना, मग हे दोन मिसळून मधली छटा मिळेल. अर्धा-अर्धा घेऊन चमच्याने ढवळलं. चिखल. पावसात गटाराच्या कडेला साचतो तसला करडा-तपकिरी चिखल. जांभळा जास्त घातला, तरी मळकटच. पिवळा जास्त घातला, तर शेवाळासारखं काहीतरी. चार वाट्या खराब केल्या. मग मुलीला हाक मारली. तिने इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिलेली, रंगचक्र तिचं पाठ. ती वाटीकडे बघून म्हणाली, "अगं मम्मी, हे समोरासमोरचे रंग आहेत, विरोधी, हे एकमेकांना मारतात. मधून नाही जायचं, चक्रावरून फिरून जायचं." आणि तिने बोटाने टेबलावर गोल काढून दाखवला, जांभळा, मग लालसर जांभळा, मग लाल, मग केशरी, मग पिवळा. "लालवरून जावं लागेल."

आई तिथेच बसल्या होत्या, कलकल हा नाताळचा गोड पदार्थ करायला पीठ मळत. वर बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "बघ." बास. पण मी ते विसरणार नाही. मी ज्या लालला भिंतीकडे तोंड करून लावणार होते तोच मधला दुवा होता, तोच नसल्यामुळे माझे रंग एकमेकांकडे जात नव्हते.

एकदा हे कळल्यावर मग काम भराभर व्हायला लागलं. छटांना आपल्याकडे किती नावं आहेत, साडीच्या दुकानात गेल्यासारखं वाटायला लागलं, वांगी, अंजिरी, राणी, डाळिंबी, लाल, शेंदरी, अबोली. याच क्रमाने जायचं ठरवलं. मापाला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, जांभळा फार जोरकस रंग आहे, जांभळा आणि लाल सारखे सारखे घेतले तर मधली छटा येत नाही, जांभळाच दिसतो. चार झाकणं लालला एक झाकण जांभळा घेतला तेव्हा कुठे डाळिंबी आला. नेहमी फिकट रंग आधी वाटीत घ्यायचा आणि गडद त्यात थेंब थेंब घालत जायचा, उलटं केलंत तर बाटलीच्या बाटली संपेल. केशरीकडे जाताना पिवळ्यात लाल घालायचा, लालमध्ये पिवळा नाही, कारण तेच. अबोलीसाठी त्यात थोडा पांढरा.

आता रंग ओतायची रीत, कारण यात माझे चार बॉल गेले. टोपी काढायची, आत दोन चमचे रंग, तो दुधासारखा पातळ नको आणि श्रीखंडासारखा घट्टही नको, पातळ दह्यासारखा पाहिजे. बॉल हातात धरून हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवायचा, रंग आतून सरकत जातो आणि मागे काच रंगल्यासारखी गुळगुळीत होत जाते, ते बघायला इतकं छान वाटतं की मी प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्तच फिरवत बसायचे. एकही पारदर्शक ठिपका राहिला नाही की बॉल उलटा करून ठेवायचा म्हणजे जास्तीचा रंग तोंडातून निथळून जातो. पहिल्या चारांना मी लगेच टोप्या लावल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळा रंग तळाला साचलेला आणि बाजूने ओघळ पडून झिरझिरीत झालेलं. मग अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, त्यात एकेक खळग्यात बॉल उलटा, वर पंखा, आणि पूर्ण दोन दिवस हात लावायचा नाही. आपल्याकडे समुद्राजवळ हवा ओलसर, एका दिवसात आतून वाळत नाही, घाई केली तर फसतं.

रंग आत असल्यामुळे बाहेरून जी चमक येते ती बाहेरून रंगवलेल्या बॉलला येत नाही. मला सासऱ्यांच्या काचेच्या बॉलचं कोडं तेव्हा उलगडलं. असे काचेचे बॉल मूळचे जर्मनीतल्या थुरिंजिया भागातल्या लाउशा गावचे, तिथले काच फुंकणारे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून ते करतात, आणि त्यांना आतून चांदीचा मुलामा देतात, आरशासारखा. म्हणून चाळीस वर्षं झाली तरी ते चार बॉल काळवंडलेले नाहीत, चकाकी आत सुरक्षित आहे. आईंनी त्यातला एक माझ्या हातात दिला आणि मी तो खिडकीपाशी धरला तर माझ्याच तोंडाचं लालसर छोटं प्रतिबिंब त्यात, मागे खिडकीचे गज वाकलेले. वजन जवळजवळ नाहीच. इतकी वर्षं लावत होते आणि कधी नीट बघितलं नव्हतं.

लाल आणि हिरवाच का, तेही याच दिवसांत मी मुलीला सांगत होते. एका फादरांच्या प्रवचनात ऐकलेलं. पूर्वी जर्मनीत २४ डिसेंबर हा आदाम आणि एवाचा दिवस, तेव्हा नंदनवनाच्या नाटकात एक सूचिपर्णी झाड उभं करायचे आणि त्याला खरी सफरचंदं टांगायचे. ते झाड पुढे घराघरांत आलं आणि सफरचंदांच्या जागी लाल बॉल आले. म्हणजे लाल हा आदाम-एवाने खाल्लेल्या त्या पहिल्या पापाच्या फळाचा रंग, ज्याच्यामुळे मग तारणाऱ्याची वाट बघणं सुरू झालं. आई म्हणाल्या, मग तो मध्येच पाहिजे ना. मी काय बोलणार, बरोबरच होतं.

तर हिशोब असा झाला. चोवीसमधले वीस बॉल चांगले निघाले, त्यात घरातल्या जुन्या प्लास्टिकच्या लालमधले सहा घातले, असे सव्वीस नवे. जास्तीच्या सोनेरी-मोतियातले सव्वीस बाजूला काढले. पुन्हा नव्वदच, पण आता वाटे बरोबर, आणि शिवाय काचेचे चार वेगळे.

दिवेही बदलले. सहापैकी तीन माळा ठेवल्या, तीन पांढऱ्याशुभ्र प्रकाशाच्या आणल्या, ज्याला दुकानदार कूल व्हाइट म्हणतो. खालच्या भागात दोन पांढऱ्या, वर दोन पिवळसर आणि मध्ये एक पांढरी एक पिवळसर बरोबरच फिरवली. म्हणजे उजेडसुद्धा खालून वर मिसळत गेला. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण जांभळ्यावर पांढरा प्रकाश पडल्या पडल्या तो जिवंत झाला. शिवाय प्रत्येक गडद जांभळ्याच्या मागे एक फिकट जांभळा खोचला, म्हणजे हिरव्या अंधारासमोर न येता तो फिक्यासमोर येतो आणि त्याची कड दिसते.

लावायला १४ तारखेच्या शनिवारी सुरुवात केली. या वेळी पट्टे नाहीत. पद्धत अशी धरली की एखाद्या छटेचे दहा बॉल असतील तर सहा तिच्या स्वतःच्या जागी, दोन वरच्या शेजाऱ्यात आणि दोन खालच्या शेजाऱ्यात. जांभळ्यात मध्येच एखादा राणी, राणीत एखादा वांगी, डाळिंबीत लाल, लालमध्ये अबोली. पाहुणे म्हणून गेलेले हे बॉल एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, एक आत खोडाजवळ, एक टोकाला. गडद आणि मॅट बॉल आत, चकचकीत बाहेर. गुलाबी जे अठरा होते ते लालच्या आसपासच गेले, गुलाबी म्हणजे शेवटी लालमध्ये पांढराच. दर अर्ध्या तासाने खोलीच्या दारात जाऊन डोळे किलकिले करून बघायचं, जिथे रंग उडी मारतोय असं वाटेल तिथे एक बॉल बदलायचा. आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायचा, ही युक्ती फार कामाची, रंग निघून गेल्यावर खालून वर गडदपणा सारखा कमी होत जातोय की नाही ते लगेच कळतं, आमच्यात डाळिंबी आणि लाल यांच्यामध्ये एकदम पायरी होती ती अशीच सापडली, तिथे दोन राणी हलवले आणि ती बुजली.

रविवारी, आनंदाच्या रविवारी, मिस्सेहून आल्यावर मधला भाग पुरा केला. गुलाबीचा भाग त्याच दिवशी झाला हे मी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, तसं जुळून आलं आणि मला बरं वाटलं. वरचे दहा, सोनेरी सात आणि मोतिया तीन, आठवडाभर रोज थोडे थोडे इकडे तिकडे करत २१ तारखेला बसले. रिबन मी लावली नाही, आणली होती, तार घातलेली सोनेरी, पण एका रंगाची रिबन वरून खाली आली की एवढं मिसळवलेलं सगळं पुन्हा दोरीने बांधल्यासारखं दिसतं. त्याऐवजी जुन्या जांभळ्या ऑर्गेंझा ओढणीच्या पट्ट्या कापून खालच्या फांद्यांत सैलसर खोचल्या, वर येता येता बंद केल्या.

काचेचे चार बॉल आईंनी स्वतः लावले. बरोबर मध्ये, समोरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. त्या स्टुलावर चढत नाहीत आता, त्यामुळे हात जिथे पोचेल तिथेच लागले, आणि ती जागा लालचीच होती. चौथा लावताना त्यांनी हुक दोनदा दाबून बघितला, मग मागे सरून पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या सासूबाई लाल चौकड्यांचं लुगडं नेसायच्या ते मी फक्त फोटोत बघितलंय, पण त्या क्षणी मला तोच फोटो आठवला.

रात्री ट्यूब बंद केली. या वेळी जांभळे दिसले. खाली गर्द, अंजिरी होत होत डाळिंबी, मग ते चार लाल ज्यांच्यात खालचा पांढरा आणि वरचा पिवळा असे दोन्ही उजेड एकदम चमकत होते, आणि मग अबोलीतून सोनेरी, आणि चांदणी. माझा नवरा कामावरून उशिरा आला, दारातच उभा राहिला, बूटही न काढता. म्हणाला, "हे कुठून सुरू होतं ते कळतच नाही." याच्यापेक्षा मोठी दाद मला नको होती, कारण तीन आठवडे मी त्याचसाठी घालवले होते.

२४ ला मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरी आलो, येशूबाळ गोठ्यात ठेवलं, गोठा झाडाच्या पायथ्याशीच असतो आमच्याकडे. घरोघरी नाताळची गाणी म्हणणारी कॅरलवाली मुलं आधीच येऊन गेली होती, त्यातल्या एकीने मुलीला विचारलं होतं की हे रंग कुठल्या दुकानातले, आणि मुलीने तिला अंड्यांचे ट्रे दाखवले म्हणे.

जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर झाड उतरवलं. बॉल त्याच ट्रेमध्ये भरले, खालून वर जसे होते त्याच क्रमाने, आणि प्रत्येक ओळीला मुलीने चिठ्ठी लावली, चार लाल एक जांभळा, सहा पिवळा एक लाल, असं मापासकट, म्हणजे एखादा फुटला तर तीच छटा पुन्हा करता येईल. काचेचे चार आईंनी माझ्या हातातून घेतले. ट्रेमध्ये नको म्हणाल्या. सासऱ्यांचा एक जुना शर्ट काढला कपाटातून आणि त्याच्या घड्यांमध्ये एकेक ठेवून गुंडाळला.